गावंडेभाऊंचा आंगठा

"मारा मॅडम, जोरात मारा! लाजू नका!"

समोरच्या फ्लॅटमध्ये नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्यानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दार उघडलं तर समोर एक उंचेपुरे, टक्कल पडलेले, साठी ओलांडलेले गृहस्थ उजवी मांडी पुढे काढून उभे. माझ्या हातात त्यांनी एक जाडसर पेन कोंबलं आणि स्वतःच्याच मांडीकडे बोट दाखवलं. नवे शेजारी वाटीभर साखर मागतात, दूधवाला कोण ते विचारतात, नाहीतर थेट पार्किंगवरून भांडायला लागतात. मांडीत पेन खुपसायला सांगणारा शेजारी मी तोवर पाहिला नव्हता. आतून आमच्या ह्यांनी पेपर खाली करून विचारलं, "कोण आहे गं?" आता काय सांगू, कोण आहे ते!

"हे काय आहे?" मी विचारलं. माझं उभं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलंय. एवढ्या तीन शब्दांत भलेभले परत रांगेत जाऊन उभे राहायचे. हे जागचे हलले नाहीत.

"इंजेक्शन हाय जी. म्हणजे सरावाचं. यात सुई नाही, औषध नाही. खरं माह्या कमरेले हाय." त्यांनी पट्ट्याला अडकवलेला बटवा थोपटला. "आमच्या मंडळीले मधमाशीचं वावडं हाय. माशी डसली का गळा सुजते, बीपी उतरते, मानूस आडवा. तिचं तिले टोचून घ्यायची शुद्धच राहत नाही. मंग शेजाऱ्यायले आलं पाह्यजे का नाही? मारा."

मी मारलं. न मारून करते काय, दार लावायची सोय नव्हती, मध्ये त्यांची मांडी होती.

"चुकलं!" ते आनंदानं ओरडले. "आंगठा कुठं हाय तुमचा?"

माझा अंगठा पेनच्या टोकावर होता. आपण बॉलपेनचं बटण दाबतो ना, तसा. त्यांनी तो तिथून उचलला आणि माझ्या बोटांवर नीट मिटवून ठेवला. "आंगठा मुठीत. टोकावर कधीच नाही. सारं चुकलं तरी चालन, पण आंगठा मुठीत पाह्यजे. आता पुन्हा मारा. अन् दाबून धरून सावकाश 'गणपती बाप्पा मोरया' म्हणा. मोरया झालं का काढा."

अशा रीतीनं भर सकाळी, अंगात गाऊन, हातात पेन, एका परक्या पुरुषाच्या मांडीला भोसकत मी गणपती बाप्पा मोरया म्हटलं. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांना तिथेच इंजेक्शन लागलं असतं.

वासुदेव गावंडे मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी चिंचवडला कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन राहिले. इतकी वर्षं पुण्यात काढूनही जिभेवरचं अकोला हललं नव्हतं. सोसायटीतले सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांच्या बायकोचं नाव कमल. बारीक चणीची, सावळी, डोळ्यांनी हसणारी बाई. मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला. घरात दोघंच, आणि तिसरी ती पिवळी टोपी असलेली पेनं. खरी दोन, कारण एकानं उतार पडला नाही तर दुसरं लागतं म्हणे. सरावाचं एक.

या सरावाच्या पेनानं भाऊंनी सोसायटीला पार भंडावून सोडलं. वॉचमन, इस्त्रीवाला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, कुणाची सुटका नव्हती. पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांना तर भाऊ ओटीपी सांगायचेच नाहीत. आधी मांडी, मग ओटीपी. एकदा जिन्यात एका पोरानं मला काकुळतीला येऊन विचारलं, "काकू, हे अंकल डेंजर आहेत का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, मार आणि मोकळा हो. फक्त अंगठा मुठीत ठेव, नाहीतर परत मारायला लावतील."

सराव चालू असला की कमलताई मात्र तिथून उठून जायच्या. "चालू द्या तुमचं," म्हणून स्वैपाकघरात. एकदा मला म्हणाल्या, "ताई, माशीपरीस ह्यायचाच तरास जास्त हाय. माशी एकदा डसते. हे रोजचेच." पण म्हणताना हसत होत्या.

भाऊंचं आणखी एक होतं. ते दुसऱ्यांकडून करून घ्यायचे, स्वतः कधी करून दाखवायचे नाहीत. मी एकदा टोकलंच. म्हटलं, "भाऊ, जरा तुमचा हात बघू दे की आम्हाला. एकदा तुम्ही मारून दाखवा." तर म्हणतात, "मी मास्तर हाय मॅडम. मास्तर काय पेपर लिहिते का?" मला वाटलं, आली मिजास! कारखान्यात साहेब होता आलं नाही, म्हणून इथे साहेबी चालवतायत. मी नाक मुरडलं.

बाहेर त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे तर शिक्षा. एकदा उन्हाळ्यात आम्ही दोन्ही जोडपी कात्रजला सर्पोद्यान बघायला गेलो. साप बघताना भाऊ अगदी निवांत. नागासमोर उभं राहून शेंगदाणे खाल्ले त्यांनी. बाहेर येऊन रसाच्या गाड्यापाशी थांबलो मात्र, आणि माणूस बदलला. चिपाडाच्या ढिगावर माश्या घोंघावत होत्या. भाऊंनी कमलताईंना गाड्यापासून चांगलं लांब, उन्हात नेऊन उभं केलं. मग रसवाल्याला म्हणाले, "ढीग तिकडं हालवा." तो म्हणाला, "काका, रस प्यायचाय का बदली करायचीय?" तरी भाऊंनी स्वतः चिपाडं उचलून लांब टाकली, पेल्यात आरपार पाहिलं, वर रुमाल झाकला आणि तो पेला देवाचं तीर्थ न्यावं तसा दोन्ही हातांनी बायकोपर्यंत नेला. "पेल्यातली माशी घशात डसली तर?" ते मला म्हणाले. कमलताईंनी रुमाल बाजूला करून माझ्याकडे पाहून डोळा मारला आणि रस एका दमात पिऊन टाकला.

फुलांना घरात बंदी. अत्तर, वासाचं तेल, भडक रंगाची साडी, सगळ्यालाच बंदी. कमलताईंना मोगऱ्याचा भारी सोस. तर लग्नाच्या वाढदिवसाला हे गृहस्थ लक्ष्मी रोडला जाऊन कापडी मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. लांबून अगदी खरा वाटायचा, जवळून शिंप्याच्या दुकानासारखा वास यायचा. ती बाई तो गजरा माळून सोसायटीभर मिरवली. "धुता येते," मला कौतुकानं सांगत होत्या.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस मधमाश्यांचा वैरी असणार. मलाही तसंच वाटत होतं. मागे आमच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं. चेअरमन म्हणाले, संध्याकाळी मशाल लावू, काम खलास. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे भाऊ उठले. "मशाल लावान तर त्या साऱ्या खवळून खिडक्यायतून घरात येतीन. अन् त्यायचं काय चुकलं? त्यायनं घर बांधलं. आपनही बांधलंच ना!" मग त्यांनीच फोनाफोनी करून मोहोळ न मारता हलवणारी माणसं शोधली. तेवढे दिवस मात्र कमलताईंना मुलीकडे कोल्हापूरला धाडून दिलं आणि स्वतः रोज खिचडी खाल्ली.

त्यांचा खरा वैरी वेगळा होता. कुणाला काही चावलं की आपल्याकडे जो तो आपापला दवाखाना उघडतो ना, तो. एक म्हणतो चुना लाव, दुसरी कांदा चिरायला घेते, तिसरा लोखंडाची किल्ली घासत बसतो. याच्यावर भाऊ जे उसळायचे! सोसायटीच्या फळ्यावर त्यांनी पाटी लावायची ठरवली आणि मसुदा तपासायला माझ्याकडे आणला. मी म्हटलं, भाऊ, पुण्यात एवढी लांब पाटी कोणी वाचत नाही, द्या इकडे. मग ती पाटी मी लिहिली: "चुना पानाला, कांदा भाजीला, किल्ली कुलपाला. माशी चावलेल्या जागी यातले काहीही लावून वेळ घालवू नये. आडवे करावे, गावंडे यांना हाक मारावी." खाली भाऊंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, "आंगठा मुठीत." अर्धी सोसायटी ती वाचून हसायची. पोरंटोरं त्यांना लांबून अंगठा दाखवून पळायची.

मीही हसायचे. खोटं कशाला बोलू.

संक्रांतीनंतर मी दरवर्षी घरी हळदीकुंकू करते. यंदाही केलं. भाऊ दुपारीच तपासणीला हजर. वाणाची सुगडं उचलून बघितली, उसाचे करवे मोजल्यासारखे निरखले, ते एका डब्यात झाकून ठेवायला लावले. गुलाबाची फुलं माझ्याच फुलदाणीतून काढून गच्चीवर नेऊन ठेवली. "झालं समाधान?" मी विचारलं. "खिडक्यायले जाळी हाय ना?" म्हणाले. "आहे." "दाराले?" आता दाराला कोण जाळी लावतं! मी म्हटलं, "भाऊ, बायकांची गोष्ट आहे, आता तुम्ही निघा." तर दाराबाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसले, कमरेला बटवा. येणारी प्रत्येक बाई त्यांना वळसा घालून आत येत होती.

कमलताई काळी चंद्रकळा नेसून, कापडी गजरा माळून आल्या. इतक्या गोड दिसत होत्या. मी हळदीकुंकू लावलं, हातात तिळगूळ ठेवला, वाण द्यायला सुगड उचललं. गाजर, बोरं, हरभरा, वर उसाचा करवा, सगळं ठीक होतं. पण एक बाई येताना माझ्यासाठी पिशवीत झाकून शेवंतीची वेणी घेऊन आली होती आणि ती मी घाईघाईत कमलताईंशेजारच्या पाटावर ठेवली होती. कमलताईंनी टेकायला हात ठेवला, तो नेमका त्या वेणीवर.

"आई गं," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "ताई, डसली वाटते."

पुढचं सगळं फार भराभर झालं. मी नखानं काटा खरवडून काढला, तोवर त्यांच्या गळ्यावर लाल चट्टे उठायला लागले. आणि माझ्या घरातल्या समस्त बायका उठल्या हो! एकीनं विड्याच्या तबकातला चुना आणला. एक स्वैपाकघरात कांदा शोधायला पळाली. तिसरीनं पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. ज्या बायका ती पाटी वाचून हसल्या होत्या, त्याच ह्या! कुणी म्हणालं बसवा त्यांना, कुणी म्हणालं पाणी पाजा. कमलताई खोकायला लागल्या. त्यांचा आवाज बसका झाला आणि पापण्या टम्म सुजल्या.

"भाऊ!" मी ओरडले.

ते आधीच आत आले होते. "बसवू नका! पानी नको! आडवी करा!" कारखान्यातला आवाज होता तो. बायका भिंतीला चिकटल्या. त्यांनी कमलताईंना सतरंजीवर आडवं केलं, पायांखाली पाटावर पाट रचले, आमच्या ह्यांना रुग्णवाहिकेला फोन करायला लावला, वॉचमनला लिफ्ट अडवून धरायला सांगितलं. एकही गोष्ट चुकली नाही. मग बटवा उघडून पेन काढलं, बायकोशेजारी गुडघ्यांवर बसले, आणि तिथेच थांबले.

पेन मुठीत होतं, टोपीसुद्धा निघाली होती, पण हात पुढे जाईना. ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते पेन माझ्यापुढे धरलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही."

मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, आणि गरजही नव्हती. त्यांनी मला इतक्या वेळा करायला लावलं होतं की हाताला आपोआप येत होतं. निऱ्या बाजूला. निऱ्यांवर मारलं तर सुई निऱ्यांतच राहील. मांडीची बाहेरची बाजू. अंगठा मुठीत. मारलं. खट्ट आवाज झाला. मी दाबून धरलं आणि म्हटलं, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" भिंतीला चिकटलेल्या सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या. सवय हो! हातात चुना, कांदा, किल्ल्या घेऊन माझ्या दिवाणखान्यात आरती संपल्यासारखा जयजयकार झाला. एरवी मी हसून हसून लोळले असते. त्या क्षणी मला रडू फुटलं.

रुग्णवाहिका येईपर्यंत कमलताईंचा श्वास जरा मोकळा झाला होता. तरी भाऊंनी दवाखान्यात नेलंच. उतार पडला तरी पुन्हा उसळू शकतं, हे त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर दिलंत, आता धोका नाही, पण आजचा मुक्काम इथेच.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. भाऊ आपला उजवा अंगठा डाव्या हातात धरून चोळत होते. काउंटरवर बसून बसून एवढं कळतं, माणसाला बोलायचं असलं की तो बोलतो.

"मले जमत नाही मॅडम," ते म्हणाले. "लोणी काळभोरले पाहुण्याच्या शेतात हुरडा खायले गेलतो. तिथं डसली. तवा नवंच होतं हे पेन, डॉक्टरनं एकदा दाखवलं होतं. मी घाईत उलटं धरलं. आंगठा टोकावर. जोर लावून दाबलं. सुई माह्याच आंगठ्यात गेली." त्यांनी तो अंगठा माझ्यापुढे धरला, जसा काही अजून भोक दिसणार होतं. "सारं औषध माह्या आंगठ्यात. आंगठा पांढरा फटक, थंडगार. अन् इकडं तिचे ओठ निळे. लोक कांदा लावून राह्यले होते. टेम्पोत टाकून नेली. कशी जगली, देवाले माहीत. तिले म्हनलं, पेनच खराब निघालं." त्यांनी अंगठा पुन्हा डाव्या हातात धरला. "तवापासून ते हातात घेतलं का आंगठा थंड पडते. म्हणून म्हनलं, शेजाऱ्यायले आलं पाह्यजे. साऱ्यायले आलं पाह्यजे. माह्यावर भरवसा नाही माहा."

तो माणूस सोसायटीभर मांडी पुढे काढून फिरायचा, ती मास्तरकी नव्हतीच. तो दारोदार हात पसरत होता, आणि आम्ही त्याला अंगठे दाखवत होतो. फार वाईट वाटलं मला. मी फक्त म्हटलं, "चहा घ्या, भाऊ."

कमलताई घरी आल्या. आठवडाभर भाऊ कुणाकडे सरावाला फिरकले नाहीत. पार्सलवाली पोरं नुसता ओटीपी घेऊन जाऊ लागली. जिना कसा ओकाबोका वाटायला लागला. शेवटी एका सकाळी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. भाऊंनी दार उघडलं. मी सोफ्यावर जाऊन बसले आणि साडी सारखी केली.

"काढा ते सरावाचं पेन," मी म्हटलं. "आज माझी मांडी. मारा तुम्ही."

"नाही जी मॅडम."

"का? मास्तर पेपर लिहीत नाहीत वाटतं? लाजू नका. मारा."

त्यांनी पेन काढलं. माझ्यासमोर खाली बसले. टोपी निघाली. मूठ वळली, आणि पुन्हा तेच, हात हवेत थांबला. खरं सांगते, ओरडावंसं वाटत होतं, पण मांडी तशीच पुढे धरून ठेवली.

स्वैपाकघरात चहाच्या भांड्यांचा आवाज थांबला. सरावाच्या वेळी कधीही बाहेर न येणाऱ्या कमलताई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्या भाऊंच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

"अजी," त्या म्हणाल्या, "या खेपेले आंगठा मुठीत ठेवा."

भाऊंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"रातभर तो आंगठा फुंकून राह्यले होते तुम्ही, दवाखान्यात, माह्या खाटेपाशी. डॉक्टरले काय सांगितलं ते आयकलं मी, डोळे मिटून होती. कान उघडेच होते ना." आणि त्या डोळ्यांनी हसल्या. "मारा आता. ताईचा चहा थंड होते."

खट्ट आवाज झाला. चांगलंच लागलं मला, पण मी हूं का चूं केलं नाही. दोघं मिळून सावकाश गणपती बाप्पा मोरया म्हणाली. मी सवयीनं आधी अंगठे पाहिले. दोघांचेही मुठीत होते.